मानेतली सुई

बाळांनो, जरा कल्पना करा. तुमच्यासमोर एक लांब टेबल आहे. जेवणं होऊन अर्धा तास झालाय, पण ताटं अजून तशीच पडलीत आणि ती उचलायला कुणी उठत नाहीये. टेबलाच्या मधोमध एक कागद आहे. सगळे त्याच्याकडे असे बघतायत, जणू तो आत्ता उठून कुणाला तरी चावणार आहे. तुम्ही अकरा वर्षांचे आहात, टेबलाच्या टोकाला बसलाय, आणि "जा, बाहेर खेळ," असं तुम्हाला अजून कुणीच म्हणालेलं नाही. मोठी माणसं मुलांना बाहेर घालवायला विसरली की समजावं, घरात खरोखरच काहीतरी बिघडलंय.

बटण तशीच बसली होती. जन्मली तेव्हा ती इतकी लहान आणि गोल होती, की आजोबांनी तिला बटण म्हणायला सुरुवात केली. ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

कागद कत्तलखान्याच्या तपासणी विभागातून आला होता. तीन आठवड्यांपूर्वी या घरातून गेलेल्या एका गाईच्या मूत्रपिंडात सूज उतरवायच्या औषधाचा अंश सापडला होता. चालतो त्याच्या नऊपट. गाईच्या कानातल्या बिल्ल्यावर आकडा होता एक्केचाळीस. घरात तिला तिकीट म्हणत, कारण काळ्या कपाळावर मधोमध एक चौकोनी पांढरा डाग होता. तिचा मागचा पाय सुजला, ताप भरला, तीन संध्याकाळी तीन सुया झाल्या. ताप उतरला, पाय काही सुधारला नाही, दूध आटलं, आणि मग ट्रक आला. त्या दिवशी बटण शाळेतून आल्यावर जेवली नव्हती. पण ते सगळं पुन्हा कधीतरी.

आता एक वाजला होता. चार वाजता तपासनीस बाई येणार होत्या.

"सहा दिवस," थोरले काका म्हणाले. "शेवटच्या सुईनंतर सहा दिवस थांबलो आपण. बाटलीवर काय लिहिलंय? चार! दोन दिवस जास्तच थांबलो. त्यांच्या यंत्रातच काहीतरी खोट असेल."

"यंत्र आपल्यावरच कसं रुसलं?" आई म्हणाली.

"म्हणजे काय म्हणायचंय तुला?"

"काही नाही दादा. विचारतेय."

आईने नोंदवही आणून ठेवली होती. या घरात औषधाची एक रीत होती आणि ती आईनेच बसवली होती. ज्या गाईला औषध दिलं तिच्या मागच्या पायाला लाल पट्टा. तिचं दूध वेगळ्या कॅनमध्ये, थेट गटारात. धारेच्या शेडमधल्या फळ्यावर दोन तारखा, दूध कधीपासून चालेल आणि मांस कधीपासून. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसाचं सगळं वहीत. वहीत सही आईची, मग सुई कुणी का दिलेली असेना. पशुआरोग्य सेविकेच्या परवान्यासाठी ती दोन वर्षं अभ्यास करत होती, परीक्षा पुढच्या महिन्यात होती, आणि कागदाचं काम म्हटलं की सगळे तिच्याकडे बोट दाखवून मोकळे होत.

त्या तीन संध्याकाळी मात्र ती घरात नव्हती. शिकवणीला गेली होती. जाताना डॉक्टरांनी फोनवर सांगितलेलं तिने चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं : शिरेतून द्यायचं, दोघांनी मिळून, गाय हलली तर शीर सापडत नाही.

"तुम्ही दिलंत ना दादा? तिन्ही वेळा?"

"मीच दिलं. लपवतोय का मी?"

"शिरेतून?"

काकांनी पाण्याचा पेला उचलला. त्यात पाणी नव्हतं. "शिरेतूनच. धाकट्याने धरली होती गाय. विचार त्याला."

बाबा बटणच्या शेजारीच बसले होते. त्यांनी ताटातला पावाचा तुकडा बोटाने कडेला सरकवला. "हो," ते म्हणाले. "मी धरली होती ना."

बटणने बाबांकडे पाहिलं.

आता बाळांनो, तुम्हाला जे ठाऊक हवं ते सांगून टाकतो, कारण बटणला ते ठाऊक होतं. बाबांनी गाय धरली नव्हती. तिन्ही संध्याकाळी ते "आलोच" म्हणाले आणि आले नाहीत. दोर धरला होता बटणने. तिकीटचं तोंड वर करून, दोर लोखंडी कठड्याला एक वेढा घालून, दोन्ही पाय रोवून. काकांनी थोडा वेळ वाट बघितली, एक शिवी हासडली आणि सुई मानेत दिली, जाड मांसात. आजोबा चाळीस वर्षं देत आले तशी. तिकीट फुरफुरली. काकांनी त्या जागी थोपटलं आणि म्हणाले, "शाबास रे माझ्या पहिलवाना." ते गाईला म्हणाले की आपल्याला, हे बटणला कळलं नव्हतं. तिने ते आपल्यालाच धरलं आणि तीन दिवस छाती काढून फिरली.

शीर काय आणि मान काय, त्याने काय बिघडतं, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. बाबा खोटं बोलले एवढंच तिला दिसलं, आणि ते कशासाठी बोलले असतील हे काही केल्या कळेना.

"मानेत दिलं असतं तरी काय?" आजोबा म्हणाले. "सुई ती सुई. औषध पोटातच जातं ना शेवटी?"

"नाही अण्णा." आई आजोबांशी बोलत होती, पण सवयीने तिची नजर बटणकडे वळली. परीक्षेचा अभ्यास ती बटणला समोर बसवूनच करायची. ज्या पोरीला समजलं ते परीक्षकाला समजेल, असं म्हणायची. "वाहत्या नळाखाली रंगाचा थेंब टाकला तर घटकेत वाहून जातो. शीर म्हणजे नळ. तोच थेंब टॉवेलवर पडला तर? टॉवेल पिळत बसा, रंग निघतच राहतो. मांस म्हणजे टॉवेल. बाटलीवरचे चार दिवस नळाचे आहेत. टॉवेलचे किती, ते बाटलीवर लिहिलेलंच नाही."

दोर धरलेले दोन्ही हात बटणने टेबलाखाली घेतले.

तिने काकांकडे पाहिलं. काकांनी सगळ्यांकडे पाहिलं, अगदी खिडकीकडेसुद्धा, फक्त बटणकडे नाही. तेवढ्यावरून तिला कळलं, की काकांना हे आज कळलेलं नाही.

"चाळीस वर्षं मानेत दिली मी," आजोबा म्हणाले. "कुणी मेलं का?"

"चाळीस वर्षं कुणी मूत्रपिंड तपासलं नव्हतं, अण्णा."

"वा! म्हणजे तपासणाऱ्यांनी रोग आणला."

यावर काकू हसल्या, नको तितक्या मोठ्याने, आणि "चहा टाकते" म्हणत उठल्या. पण पातेलं सापडेना, साखर सापडेना. शेवटी आईच उठली. "राहू द्या ताई, मी टाकते," म्हणत तिने पाणी चढवलं, फ्रिज उघडला, दुधाकडे हात नेला आणि तशीच थांबली.

"हे काय?"

फ्रिजच्या दारात, आजोबांच्या डोळ्यांच्या थेंबांमागे, विकतच्या दुधाचं पाकीट होतं.

मागे साठ गाई उभ्या, अंगणात हजार लिटरची टाकी, आणि फ्रिजमध्ये दुकानातलं पाकीट. आजोबांनी ते हातात घेतलं, डोळ्यांपासून लांब धरून वाचलं आणि परत वाचलं. "हे म्हणजे," ते म्हणाले, "कुंभाराने स्वतःच्या गाडग्यातलं पाणी पिऊ नये तसं झालं."

"नातवासाठी आहे," काकू म्हणाल्या. नातू दीड वर्षाचा होता आणि आतल्या खोलीत झोपला होता. "तेव्हापासून त्याला तेच लागतं. चव लागलीय मेल्याला. आपलं दिलं तर तोंड फिरवतो."

"तेव्हापासून म्हणजे?" आईने विचारलं.

"म्हणजे... झाले असतील तीन-चार आठवडे."

"तेव्हा काय झालं होतं ताई?"

काकू काकांकडे बघायला लागल्या. काका नोंदवहीकडे बघायला लागले. चहाचं पाणी उकळून उतू गेलं, चुलीवर सांडलं, आणि कुणी आच कमी केली नाही.

"तुम्हाला माहीत होतं," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं बटणला वाटलं. "दादांनी तुम्हाला सांगितलं, की शेवटच्या सुईच्या दुसऱ्या दिवशी तिचं दूध फळ्याप्रमाणे टाकीत सोडलं, पण सुई मानेत होती. म्हणून तुम्ही तुमच्या नातवाचं दूध बदललंत. आणि माझी पोर त्याच टाकीतलं पीत होती. अण्णा पीत होते. सगळं गाव पीत होतं."

"साठ गाईंच्या दुधात एका गाईचं ते किती गं!" काकू म्हणाल्या. "टाकीच्या तपासणीत आलं का काही? नाही ना?"

"पातळ झालं म्हणून सापडलं नाही. सापडलं नाही म्हणजे नव्हतं असं नाही. एका पेल्याने कुणी मरत नाही, हे मलाही कळतं. पण मग पाकीट कशाला आणलंत?"

काकूंनी पदराने... नाही, पदर नव्हता त्यांना. हातातल्या फडक्याने त्यांनी उतू गेलेलं पाणी पुसलं आणि पुसतच राहिल्या. खाई त्याला खवखवे, दुसरं काय!

"आणि तुम्ही?" आई बाबांकडे वळली. "तुम्ही खरंच धरली होती गाय?"

बाबांनी तो पावाचा तुकडा परत मधोमध सरकवला.

"मग दोर कुणी धरला?"

बटणने तोंड उघडलं. टेबलाखाली बाबांचा हात तिच्या गुडघ्यावर आला. त्यांनी दाबला नाही, नुसता ठेवला. तिने तोंड मिटलं.

आईला ते दिसलं. हात दिसला नसेल, पण तोंड मिटलेलं दिसलं. "राहू दे," ती म्हणाली. "तिला नाही विचारणार मी. लेकराला साक्षीला उभं करायची वेळ आली तर आपलं सगळ्यांचंच संपलं."

भांडण आता संपलं, असं बटणला वाटलं. खरं बाहेर आलं, आता चार वाजता बाई आल्या की काका सांगतील, बाई रागावतील आणि जातील. लहानपणी आपल्याला असंच वाटतं. खरं कळलं की पुढचं आपोआप होतं असं वाटतं. मोठ्या माणसांत, बाळांनो, पुष्कळदा खरं कळल्यावरच खोट्याची तयारी सुरू होते.

सुरुवात बाबांनी केली.

"एक बघ," ते आईला म्हणाले. "दादाच्या नावावर गेल्या वर्षीचा एक ठपका आहेच. ते अँटिबायोटिकचं दूध टाकीत गेलं होतं, तो. त्याच नावावर दुसरा लागला की तीन महिने संकलन बंद. रोजचं सगळं दूध गटारात."

"माहीत आहे मला."

"तुझ्या नावावर काहीच नाही. तुला नुसती ताकीद मिळेल. आणि तशीही वहीत सही तुझीच आहे."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. "माझी सही आहे, कारण मी सकाळी तुमची वही लिहिते."

"ते आपल्याला माहीत आहे गं. त्यांना नाही."

"चोर सोडून संन्याशाला फाशी?" आजोबांनी चमचा टेबलावर आपटला. "माझ्या घरात असं चालणार नाही. सुनेच्या माथी काही मारायचं नाही, सांगून ठेवतो!"

आईने मान खाली घातली. आजोबा तिच्या बाजूने बोललेले बटणने पहिल्यांदाच ऐकलं. तिला उठून त्यांना मिठी मारावीशी वाटली.

"तीन महिने, अण्णा," काका हळू म्हणाले. "नव्वद दिवस. दोन वेळच्या धारा. दूध थांबवता येत नाही, गाईला कुलूप लावता येत नाही. काढायचं आणि ओतायचं. तुमच्या डोळ्यांदेखत. निम्म्या गाई विकाव्या लागतील. कुठल्या निम्म्या, ते तुम्हीच सांगा."

आजोबांनी चमचा उचलला, आडवा ठेवला, मग उभा ठेवला. प्रत्येक गाईचं नाव त्यांनी ठेवलेलं होतं. प्रत्येकीची आई त्यांना आठवत होती.

"ताकीद म्हणजे नुसता कागदच ना?" त्यांनी विचारलं.

"कागदच," बाबा म्हणाले.

"माझ्यासाठी नाही," आई म्हणाली. "ताकीद असलेल्याला दोन वर्षं परीक्षेला बसता येत नाही. आणि नुसती सही नाही पुरणार. त्या बाई विचारतील, शिरेतून दिलं आणि सहा दिवस थांबलात, तर हे आलं कुठून? तेव्हा मला म्हणावं लागेल, की मी मानेत दिलं. का दिलं? तर मला माहीत नव्हतं." ती थांबली. "दोन वर्षं मी हेच शिकतेय. आणि मी लिहून द्यायचं, की मला माहीत नव्हतं."

"शब्दच आहेत गं ते, धाकटे," काकू म्हणाल्या. आता त्यांचा आवाज मऊ झाला होता. "घरासाठी माणूस काय काय करतं."

"तुम्ही काय केलंत ताई? पाकीट आणलंत."

"बास!" काका म्हणाले.

आईने आजोबांकडे पाहिलं. शेवटचं पाहावं तसं.

आजोबा कागदाकडे बघत होते. "पोरी," ते म्हणाले, "परीक्षा काय, दोन वर्षांनीही होते."

आई उठली आणि सगळ्यांची ताटं उचलायला लागली. एकावर एक, आवाज न करता. बाबांचं ताट मात्र तिने तिथेच ठेवलं.

चारला पाच मिनिटं कमी असताना गाडी आली. तपासनीस बाई ठेंगण्या होत्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. फाटकापाशी त्यांनी गुडघ्यापर्यंतचे बूट चढवले, औषधाच्या पाण्यात बुडवले, ब्रशने घासले. एका गोठ्याची घाण दुसऱ्या गोठ्यात जाऊ नये म्हणून येताना आणि जाताना दोन्ही वेळा घासायचे, असा नियम होता. मग त्या आत आल्या, टेबलाशी बसल्या आणि अर्धा तास वही चाळत राहिल्या.

"अक्षर छान आहे," त्या म्हणाल्या. "कुणाचं?"

"माझं."

"सुई तुम्ही दिलीत?"

"हो."

"इथे शिरेतून लिहिलंय. मग हा आकडा कसा येतो, सांगाल?"

खोलीत घरची पाच मोठी माणसं होती आणि श्वास फक्त बाईंचा ऐकू येत होता. बाईंनी जबाबाचा कोरा कागद आईपुढे ठेवला. बाबांनी खिशातून पेन काढलं, टोपण काढलं आणि टेबलावरून तिच्याकडे सरकवलं. टोपणसुद्धा काढून दिलं, हे बटणच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं.

आईने लिहिलं. सुई मानेत दिली म्हणून, वहीतल्यासारख्याच सुरेख अक्षरात. बाईंनी चष्मा लावून वाचलं. "मला माहीत नव्हतं," त्यांनी शेवटचे शब्द मोठ्याने म्हटले आणि चष्म्यावरून आईकडे पाहिलं. "दोन वर्षं आमच्याच वर्गाला येताय ना तुम्ही? शेवटच्या बाकावर, खिडकीशी?"

"हो, बाई."

"हा धडा तर दुसऱ्याच महिन्यात झाला."

"माझ्या लक्षात राहिला नाही."

बाईंनी आणखी काही विचारलं नाही. त्यांनी कागदाची घडी घातली, पिशवीत टाकला आणि उठल्या. दार लागलं तसा काकांनी इतका मोठा श्वास सोडला की समोरचा कागदी रुमाल हलला. काकू म्हणाल्या, "सुटलो बाई एकदाचे." आजोबा आत जाऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून निजले. बाबा आईच्या जवळ गेले, तिच्या खांद्यावर हात ठेवायला. ती धारेचं ओव्हरऑल चढवत होती. तिने त्या हाताखालून बाही ओढून घेतली आणि शेडकडे निघून गेली. गाई हंबरायला लागल्या होत्या. त्यांची वेळ झाली होती.

बटणकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. ती मागच्या दाराने बाहेर पडली.

ती पळाली नाही. चालत गेली, कारण रडू येत होतं आणि पळताना रडू आवरत नाही. फाटकापाशी बाई एका पायावर उभ्या राहून बूट घासत होत्या आणि तोल सावरत होत्या. बटणने त्यांच्या हातातून ब्रश घेतला, खाली बसली आणि बुटाच्या खाचांतला चिखल काढायला लागली.

"थँक्यू हं," बाई म्हणाल्या. "हुशार आहेस."

"गाय मी धरली होती," बटण म्हणाली. वर न बघता.

बाईंचा पाय थांबला.

"कधी?"

"तिन्ही संध्याकाळी. आई नव्हती. ती तुमच्याकडे शिकवणीला होती. तुमच्या हजेरीच्या वहीत असेल."

बाईंनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. "बाळा, तू हे मला सांगितलंस तर आत काय होईल, कळतंय का तुला?"

बटणला कळत होतं. संकलन बंद होईल. काका तिच्याशी बोलणार नाहीत. आजोबांच्या गाई जातील. आईसुद्धा चिडेल, कदाचित सगळ्यांत जास्त आईच. तिने दुसरा बूट पुढे ओढला आणि मान हलवली.

बाईंनी पिशवीतून तो घडी घातलेला कागद काढला, मागची कोरी बाजू वर केली आणि गाडीच्या टपावर ठेवला. "सांग," त्या म्हणाल्या. "जसं झालं तसं, पहिल्यापासून. कुणी काय केलं?"

शेडच्या दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं. मान वळवून बघितल्याशिवायच बटणला कळलं, ती आई आहे. तिने ब्रश खाली ठेवला, ओले हात फ्रॉकला पुसले आणि उभी राहिली.

सुई काकांनी दिली होती. तिने सुरुवात काकांपासून केली नाही.

"बाबा आलेच नाहीत," ती म्हणाली.